आठ हजार नावांसाठी सतरा कोटी तुलना

‘दहा लाखांत एखादी चूक होईल’ असं कुणी सांगितलं तर आपण निर्धास्त होतो. रोजच्या व्यवहारात एवढी खात्री कशाचीच मिळत नाही. पण बोस्नियातल्या स्रेब्रेनित्साच्या मृतांची ओळख पटवायला बसलेल्या शास्त्रज्ञांना ही खात्री अजिबात पुरणारी नव्हती. त्यांच्यासमोर एका बाजूला सुमारे ८,००० बेपत्ता माणसं होती आणि दुसऱ्या बाजूला त्यांच्या नातलगांनी दिलेले रक्ताचे २२,००० हून अधिक नमुने. प्रत्येक माणसाचं एकच हाड धरलं आणि ते प्रत्येक नमुन्याशी ताडून पाहिलं, तरी १७ कोटी ६० लाख तुलना होतात. दहा लाखांत एक योगायोग या हिशेबाने त्यातल्या १७६ जुळण्या खोट्या निघतील. म्हणजे १७६ घरांत दुसऱ्याच कुणाचा तरी मुलगा पोचेल, आणि त्या घरचा खरा मुलगा शवागाराच्या फळीवर पडून राहील.

डीएनए म्हटलं की आपल्याला परीक्षानळी आणि यंत्रं आठवतात. स्रेब्रेनित्साची कहाणी वाचताना माझ्या मनात ठसला तो हा आकड्यांचा डोंगर, आणि हा डोंगर ज्यावर उभा आहे ते नातलगाच्या बोटावरचे रक्ताचे चार थेंब.

आधी घटना. एप्रिल १९९३ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी स्रेब्रेनित्साला ‘सुरक्षित क्षेत्र’ जाहीर केलं. ११ जुलै १९९५ रोजी बोस्नियन सर्ब सैन्याने ते घेतलं. बायका आणि लहान मुलांना बसमध्ये घालून बाहेर पाठवण्यात आलं. पुरुष आणि वयात येणारे मुलगे वेगळे काढले गेले, आणि पुढच्या काही दिवसांत त्यांतल्या ८,००० हून अधिक जणांना ठार मारण्यात आलं. गोदामं, शेतं, धरणाची भिंत, शाळा अशा अनेक ठिकाणी हे हत्याकांड झालं. पुढे युगोस्लाव्हियासाठीच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने आणि २००७ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानेही त्याला वंशसंहार ठरवलं.

मृतदेह जवळच खड्डे खणून पुरले होते. ते तसेच राहिले असते तर ओळख पटवणं अवघड झालं असतं, तरी या थराला गेलं नसतं. पण १९९५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात, म्हणजे देह कुजून सांधे सुटत आले असताना, पुरावा लपवण्यासाठी हे खड्डे यंत्रांनी पुन्हा उकरले गेले. सापडेल ते ट्रकमध्ये भरून दूरच्या दऱ्याखोऱ्यांत नव्या खड्ड्यांत ओतलं. यंत्राचं फावडं एका घासात तीन-चार देहांचे तुकडे उचलतं, त्यातलं काही जुन्या खड्ड्यातच राहतं, काही एका ट्रकमध्ये जातं, काही दुसऱ्या. एकाच माणसाची कवटी एका कबरीत, मांडीचं हाड कित्येक किलोमीटरवरच्या दुसऱ्या कबरीत आणि बरगड्या तिसरीत, असं झालं. काही जण चार-पाच कबरींतून वेचून एकत्र आणावे लागले. सत्तरहून अधिक सामूहिक कबरी उकरल्या गेल्या, त्यांतून निघालेल्या हाडांची संख्या माणसांच्या संख्येच्या कितीतरी पट होती.

कोझलुक गावाजवळच्या कबरीचं उदाहरण घ्या. ती जागा म्हणजे शेजारच्या बाटल्या भरायच्या कारखान्याचा फुटक्या काचांचा उकिरडा होता. पुढे चांचारीच्या दरीत नव्याने सापडलेल्या एका कबरीत हाडांबरोबर तशाच हिरव्या काचांचे तुकडे निघाले. तिथे कुठलाच बाटल्यांचा कारखाना नव्हता. काचा प्रेतांबरोबरच आल्या होत्या. तपासनीसांनी अशाच रीतीने माती, परागकण आणि काडतुसांच्या रिकाम्या नळ्या ताडून कुठल्या खड्ड्यातला माल कुठे गेला याचा नकाशा बांधला. नंतर डीएनएने तो पक्का केला, कारण एकाच माणसाचं एक हाड इथे आणि दुसरं तिथे सापडलं, की दोन्ही खड्ड्यांचं नातं कुणी नाकारूच शकत नाही. बोस्नियन सर्बांचे नेते राडोव्हान कराजिच आणि त्यांचे सेनापती रात्को म्लादिच यांच्या खटल्यांत हा पुरावा न्यायालयापुढे आला.

हे सगळं सुरू झालं तेव्हा मात्र डीएनएचा एवढा वापर करायचं कुणाच्या मनातही नव्हतं. तुझला शहरात पांढऱ्या पिशव्यांचे ढीग फळ्यांवर लागत होते आणि ओळख पटवायची ती कपड्यांवरून. रेडक्रॉसने अंगावर सापडलेल्या वस्तूंच्या फोटोंची पुस्तकंच छापली: विणलेले स्वेटर, ठिगळ लावलेल्या विजारी, तंबाखूच्या डब्या. बायका ती पानं तासन्‌ तास उलटत बसायच्या. एखादीला आपल्या हातची वीण ओळखू यायची. पण तीन वर्षं वेढ्यात अडकलेल्या गावात माणसं मदतीत आलेले एकसारखे कपडे घालत होती, एकमेकांचे कपडे अदलाबदल करत होती. दातांच्या नोंदी बहुतेकांच्या नव्हत्याच. पहिल्या पाच वर्षांत ओळख पटली ती फारच थोड्यांची.

१९९६ मध्ये फ्रान्समधल्या ल्यों इथे जी-७ परिषदेत, अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या पुढाकाराने, बेपत्ता व्यक्तींसाठीचा आंतरराष्ट्रीय आयोग स्थापन झाला. या आयोगाने काही वर्षांनी क्रमच उलटा करायचं ठरवलं. आधी कपड्यांवरून अंदाज आणि मग खात्रीसाठी डीएनए ही जुनी पद्धत सोडली. आधी प्रत्येक हाडाचा आणि प्रत्येक नातलगाचा डीएनए, मग संगणकावर जुळवणी, आणि कपडे-दात-उंची हे सगळं त्यानंतर. आज वाचताना हे साधं वाटतं. तेव्हा जगात कुणीही एवढ्या प्रमाणावर हे केलेलं नव्हतं. १६ नोव्हेंबर २००१ रोजी पहिली जुळणी मिळाली. तो १५ वर्षांचा मुलगा होता.

आता हाडाकडे येऊ. आपल्या प्रत्येक पेशीत सुमारे ३०० कोटी अक्षरांचा मजकूर असतो, आईकडून एक प्रत, बापाकडून एक. त्यातला सुमारे ९९.९ टक्के मजकूर कुठल्याही दोन माणसांत सारखाच. प्रयोगशाळेला तो सगळा वाचायची गरज नसते. तिला हव्या असतात पंधराएक जागा, जिथे चार अक्षरांचा एक गट पुन्हा पुन्हा येतो. कुणात तो आठ वेळा येतो, कुणात अकरा वेळा. प्रत्येक जागी आईकडून आलेला एक आकडा आणि बापाकडून आलेला एक. पंधरा जागा, तीस आकडे. माणसाची ओळख म्हणून एवढंच लिहिलं जातं. पण दोन परक्या माणसांचे हे तीसच्या तीस आकडे योगायोगाने जुळण्याची शक्यता काढली, तर ती एकावर सतरा शून्यांत एकाच्या घरात जाते. पृथ्वीवर आज ८०० कोटींच्या आसपास माणसं आहेत. तेवढ्या माणसांच्या एक कोटीहून जास्त पृथ्व्या भरल्या, तर त्यांत एखाद्या ठरावीक माणसाशी जुळणारा दुसरा एक दैवयोगाने सापडावा, असा हा आकडा.

ते तीस आकडे हाडातून काढणं हे मात्र हमालीचं काम आहे. मांडीच्या हाडाच्या जाड भिंतीतून चौकोनी तुकडा कापतात, किंवा दाढ घेतात, कारण बाहेरच्या जगापासून पेशी सगळ्यात जास्त काळ जपून ठेवतात त्या याच जागा. वरचा थर घासून काढतात, धुतात, वाळवतात आणि तुकड्याची पूड करतात. काही ग्रॅम पुडीतून जो डीएनए हाती येतो तो ग्रॅमच्या अब्जांश भागांत मोजावा लागतो. शिवाय वर्षानुवर्षं चिखलात राहिल्याने धागा तुटून तुकडे तुकडे झालेला. अशा वेळी त्याची नक्कल करतात, नकलेची नक्कल करतात. प्रत्येक फेरीत दुप्पट. तीस फेऱ्या झाल्या की एका तुकड्याचे १०७ कोटी ३७ लाख होतात. मात्र ही प्रक्रिया आपपर जाणत नाही. काम करणाऱ्याच्या कातडीचा एखादा कण पुडीत पडला, तर त्याचेही शंभर कोटी होतात. म्हणूनच अशा प्रयोगशाळांत तिथल्या कर्मचाऱ्यांचे स्वतःचे डीएनए आधी नोंदवून ठेवलेले असतात. कुणाचं हाड ‘सापडलं’ आणि ते प्रयोगशाळेतल्याच माणसाशी जुळलं, तर लगेच कळावं.

इथपर्यंत ठीक. पण एकावर सतरा शून्यांचा तो दिलासा स्रेब्रेनित्सात उपयोगाचा नव्हता. तो लागू पडतो जेव्हा त्याच माणसाचा जुना नमुना आपल्याकडे असतो: दात घासायचा ब्रश, कंगवा, पूर्वी कधी दिलेलं रक्त. जिथून लोक नेसत्या वस्त्रानिशी हाकलले गेले तिथे कुणाचा कंगवा उरणार? उरली होती फक्त नाती. आणि नात्याने जुळवणी करू लागलं की शून्यं भराभर गळतात. मुलाचे निम्मेच आकडे आईशी जुळतात. भावाभावांचे किती जुळतील ते नशिबावर. एकट्या भावाच्या रक्तावरून मिळणारी खात्री हजारांत मोजावी लागते. दोन्ही पालक असले तर ती पुन्हा कोट्यवधींत जाते. म्हणून एका बेपत्ता माणसासाठी आई, बाप, बायको आणि मुलं, बहीण, असे मिळतील तितके लोक हवे असतात. आठ हजारांसाठी बावीस हजार नमुने लागले ते याच कारणाने.

आयोगाने स्वतःवर घालून घेतलेली अट अशी, की किमान ९९.९५ टक्के खात्री असल्याशिवाय जुळणी जाहीर करायची नाही. म्हणजे चुकीची शक्यता २,००० त एकाहून जास्त नको. हिशेब करून पाहा. हाड हातात घेतलं तेव्हा ते त्या ठरावीक माणसाचं असण्याची शक्यता ८,००० त एक. तिथून २,००० विरुद्ध एक इतक्या खात्रीवर पोचायचं, तर डीएनएचा पुरावा ८,००० गुणिले २,०००, म्हणजे १ कोटी ६० लाख पट बोलका असावा लागतो. एकटा भाऊ ते कधीच देऊ शकत नाही.

आणि इथेच या हत्याकांडाचं क्रौर्य गणितात उतरतं. मारले गेले ते घरांतले सगळे पुरुष. बाप, तीन मुलगे, दोन काका. ज्यांच्या रक्ताची गरज होती तेच खड्ड्यांत होते. आईच्या रक्ताने सांगता येतं की हे हाड तिच्या मुलाचं आहे. दोघे बेपत्ता असतील तर कोणत्या मुलाचं, हे ते रक्त सांगू शकत नाही. थोरल्याचं लग्न झालेलं असेल आणि त्याला मूल असेल तर त्या मुलाचं आणि त्याच्या आईचं रक्त घेऊन पेच सुटतो. धाकटा अविवाहित असेल तर मग हाडावरून वय काढायचं, उंची काढायची. दोघांच्या वयात एक-दोन वर्षांचंच अंतर असेल तर तेही संपलं.

हे रक्त गोळा करणं हे माझ्या मते या सगळ्या प्रकल्पातलं सगळ्यात मोठं काम. जिवंत राहिलेले लोक बोस्नियाभर पांगले होते, जर्मनी, स्वीडन, ऑस्ट्रिया, अमेरिकेपर्यंत गेले होते. आयोगाची पथकं त्यांच्यापर्यंत पोचली. बोटाला टोचणी, कार्डावर चार थेंब, कार्डाला बारकोड. हाडालाही बारकोडच. प्रयोगशाळेत बसलेल्या माणसाला नाव, गाव, धर्म यांतलं काहीच दिसत नाही. तो हाडाचे आकडे वाचतो तेव्हा ते बोस्नियाकाचं (म्हणजे बोस्नियन मुस्लिमाचं), सर्बाचं की क्रोएटाचं, हे त्याला माहीत नसतं. याच लोकांना नुकतंच नावावरून वेगळं काढून मारलं गेलं होतं, म्हणून ही आंधळी व्यवस्था मला फार मोलाची वाटते. तुझलामध्ये स्रेब्रेनित्साच्या बायका दर महिन्याच्या ११ तारखेला रस्त्यावर येत, त्यांच्या हातांत एकमेकींना जोडून शिवलेले उशांचे अभ्रे असत आणि प्रत्येक अभ्र्यावर दोऱ्याने भरलेलं एक नाव. आकड्यांची ती अजस्र यंत्रणा चालली ती या बायकांनी बोटं पुढे केली म्हणून.

जुळणी झाली की प्रश्न संपतो असंही नाही. घरी निरोप जातो की मुलगा सापडला, पण सापडलं आहे मांडीचं एक हाड आणि खांदा. आता पुरायचं, की बाकीचं मिळेपर्यंत थांबायचं? नंतर आणखी काही सापडलं तर कळवायचं की नाही? हे घरच्यांना ठरवून लिहून द्यावं लागतं. कितीतरी कबरी एकदा पुरल्यावर पुन्हा उघडाव्या लागल्या, नव्याने मिळालेलं हाड आत ठेवायला.

स्रेब्रेनित्साजवळच्या पोतोचारीच्या स्मारकात ३१ मार्च २००३ रोजी पहिल्यांदा ६०० जणांचा दफनविधी झाला. तेव्हापासून दर ११ जुलैला त्या वर्षी ओळख पटलेल्यांना तिथे पुरतात. २०१० मध्ये एकाच दिवशी ७७५ शवपेट्या होत्या. २०२५ मध्ये सात. आतापर्यंत जवळपास ७,००० जणांची ओळख पटली आहे, सुमारे हजार जण अजून सापडायचे आहेत. तिथल्या दगडावर मृतांची संख्या कोरली आहे: ८३७२, आणि आकड्यापुढे तीन टिंबं. अंतिम आकडा कुणालाच ठाऊक नाही, हे दगडावरच लिहून ठेवलं आहे.

न्यूयॉर्कचा हिशेब वेगळ्या कारणाने थक्क करतो. ११ सप्टेंबर २००१ रोजी वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये २,७५३ माणसं मेली. ढिगाऱ्यातून मानवी अवशेषांचे सुमारे २१,९०० तुकडे निघाले. सरासरी एका माणसामागे आठ. तिथे पैसा, यंत्रं, नातलगांचे नमुने, कंगवे, ब्रश यांतल्या कशाचीच वाण नव्हती. तरीही ऑगस्ट २०२५ पर्यंत ओळख पटली ती १,६५३ जणांची. सुमारे १,१०० घरांना अजून काहीच मिळालेलं नाही. विमानाचं इंधन, आठवडेच्या आठवडे धुमसलेली आग आणि तीवर मारलेलं पाणी यांनी डीएनए जाळून-कुजवून टाकला. शहराच्या वैद्यकीय तपासणी कार्यालयातली माणसं वीस-वीस वर्षांपूर्वी हार मानलेले तेच तुकडे नव्या पद्धतीने पुन्हा दळायला घेतात.

याउलट अहमदाबाद. १२ जून २०२५ रोजी एअर इंडियाचं विमान पडलं, विमानातले २४१ आणि जमिनीवरचे १९ मिळून २६० जण गेले. देह ओळखू येण्याच्या पलीकडे गेले होते, तरी साधारण पंधरवड्यात सगळ्यांची ओळख पटली, बहुतेकांची डीएनएवरून. प्रयोगशाळांनी रात्रंदिवस काम केलं, त्याला तोड नाही. पण दुसरंही कारण होतं. विमानातल्या प्रवाशांची यादी हातात होती, आणि नातलग रुग्णालयाच्या दारात उभे होते.

यादी नसेल तर? आपल्याकडे रेल्वेरुळाजवळ, खाडीत किंवा फुटपाथवर अनोळखी मृतदेह मिळतो तेव्हा अकस्मात मृत्यूची नोंद होते, पंचनामा होतो, अंदाजे वय, उंची, गोंदण, अंगावरचे कपडे यांचं वर्णन प्रसिद्ध होतं, आणि ठरावीक दिवस वाट पाहून विल्हेवाट लावली जाते. तुझलाच्या पहिल्या वर्षांतलीच ही पद्धत. मुंबईत कलिन्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत डीएनए तपासणी होते. खोळंबा आहे तो तुलना कशाशी करायची याचा. तो माणूस बिहारचा की बीडचा हेच माहीत नसेल, तर सुरुवात १४० कोटींत एक या शक्यतेपासून होते. बोस्नियाचीच ९९.९५ टक्क्यांची अट लावली, तर १ कोटी ६० लाखांच्या जागी २ लाख ८० हजार कोटी पट बोलका पुरावा लागेल. तंत्राला हेही जमतं, बेपत्ताची तक्रार देणाऱ्या आईबापांचं रक्त त्याच वेळी घेऊन ठेवलं असेल तर. सर्वोच्च न्यायालयापुढे लोकनीती फाउंडेशन या संस्थेने ही मागणी नेली होती. २०१९ च्या डीएनए विधेयकात बेपत्ता आणि अनोळखी मृत यांच्यासाठी वेगळ्या सूची होत्या, पण त्यांच्या शेजारीच संशयितांची आणि गुन्हेगारांचीही सूची होती. खासगीपणाबद्दल आक्षेप आले आणि ते रास्त होते. जुलै २०२३ मध्ये विधेयक मागे घेतलं गेलं. मुलगा हरवलेल्या बापाचं रक्त आणि चोराचं रक्त एकाच कायद्याच्या कपाटात ठेवायची गरजच नव्हती. बेपत्तांसाठी स्वतंत्र, केवळ ओळखीपुरता कायदा आजही करता येईल, आणि तो व्हायला हवा.

बोस्नियात आता अडलेलं काम नेमकं उलट्या बाजूचं आहे. तिथल्या शवागारांत काही देह असे आहेत, की त्यांचे तीसच्या तीस आकडे स्वच्छ वाचले गेले आहेत, पण हजारो नमुन्यांपैकी एकाशीही ते जुळत नाहीत. काहींचं अख्खं घर संपलं असेल. पण एक संशय जास्त बोचरा आहे. डीएनए येण्याआधीच्या वर्षांत देशभर हजारो मृतदेह चेहऱ्यावरून, कपड्यांवरून ओळखून घरच्यांच्या स्वाधीन केले गेले. त्या घरांनी रक्त कधी दिलंच नाही, कारण त्यांच्या दृष्टीने शोध संपला होता. त्यांतल्या एखाद्या घराने दुसऱ्याच कुणाला पुरलं असेल, तर त्यांचा स्वतःचा माणूस फळीवर बिननावाचा पडला आहे, आणि ज्याला त्यांनी पुरलं त्याची आई तिसऱ्याच गावात अजून फोनची वाट पाहते आहे. म्हणून तपासपथकं आता ज्यांच्या घरी कबर आहे अशांच्या दारी जाऊन, वीस-पंचवीस वर्षांनी, त्यांच्याकडे रक्त मागत आहेत.